हक्काचे किती, तडजोडीचे किती

कुर्डुवाडीहून निघून बार्शी, येडशी, ढोकी, मुरूड अशी गावे घेत लातूरला पोहोचणारी अडीच फूट मापाची ती लहान आगगाडी आता राहिलेली नाही. रूळ उखडले गेले, त्यांच्या जागी रुंदमापी मार्ग आला, आणि जुन्या गाडीची आठवण सांगणारी पिढीही विरळ होत चालली आहे. परंतु मालकाने नोकरी संपवली असता नोकराच्या पदरी काय पडावे, या प्रश्नाचा आपल्या देशातील इतिहास लिहावयाचा झाल्यास त्या गाडीचा उल्लेख टाळता येत नाही, ही गोष्ट ज्या मुलखातून ती धावली त्या मुलखातच फारशी कोणाच्या गावी नाही. आज किल्लारी, औसा, निलंगा या भागातील मुले पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे संगणकाच्या कचेऱ्यांतून काम करीत असता, आणि कपातीची बातमी महिन्याआड एखाद्या घरात येऊन थडकत असता, तो इतिहास एकवार नीट उलगडून पाहणे अगत्याचे वाटते.

विलायतेत स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीने १ ऑगस्ट १८९५ रोजी भारतमंत्र्यांशी करार केला, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या पुढाकाराने १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली, आणि पुढे १९११ मध्ये, तेव्हाच्या निजामी राज्यात असलेल्या लातूरपर्यंत तिची मजल गेली. करारात एक कलम असे होते की, मुदतीने नोटीस देऊन सरकारला ही रेल्वे विकत घेता यावी. त्या कलमान्वये भारत सरकारने डिसेंबर १९५२ मध्ये नोटीस दिली की, १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे आम्ही ताब्यात घेऊ. कंपनीने ११ नोव्हेंबर १९५३ रोजी आपल्या समस्त नोकरांना कळविले की, ३१ डिसेंबरच्या अपराह्णापासून तुमची सेवा समाप्त होत आहे. सरकार तुमच्यापैकी इच्छुकांना मध्य रेल्वेत आपल्या शर्तींवर घेईल. बहुतेकांना सरकारने घेतलेही. सुमारे ७७ टक्के जुन्याच वेतनश्रेणीवर गेले, सुमारे २३ टक्क्यांना काहीशी खालची श्रेणी मिळाली, आणि वीस-पंचवीस जणांनी ही नवी चाकरी नाकारली.

योगायोग असा की, औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीच्या भरपाईचे नवे प्रकरण त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९५३ पासून, अमलात आले होते. एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, असा त्याचा गाभा होता. बार्शी रेल्वेच्या कामगारांनी म्हटले, कंपनीने आमची सेवा संपवली आहे, तेव्हा ही भरपाई कंपनीने द्यावी. माढ्याच्या दिवाणी न्यायाधीशांपासून सुरू झालेले हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेथे कामगारांचे म्हणणे मान्य झाले, आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. कामगारांच्या बाजूने के. एन. जोगळेकर यांचे नाव त्या निकालपत्रावर आहे. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, चालू उद्योगात माणसे जास्त झाली म्हणून त्यांना कमी करणे, एवढाच कपातीचा अर्थ. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे, आणि म्हणून त्या प्रकरणाखाली भरपाईही नाही. कामगार हरले.

या निकालाने देशभरच्या कामगारांत जी अस्वस्थता पसरली तिची दखल संसदेला घ्यावी लागली. १९५७ च्या अठराव्या अधिनियमाने कायद्यात दोन कलमे आली: उद्योग हस्तांतरित झाला असता कामगाराला कपातीप्रमाणेच भरपाई मिळावी, मात्र नव्या मालकाकडे सेवा अखंड मानली गेली, शर्ती आधीपेक्षा कमी दर्जाच्या नसल्या आणि पुढेमागे कपात झाल्यास जुन्या सेवेचीही भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने पत्करली, तर ती मागता येऊ नये, हे एक, आणि उद्योग बंद झाला तरी भरपाई द्यावी, हे दुसरे. ही कलमे २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या नेमक्या दुसऱ्या दिवसापासून, लागू धरण्यात आली. ज्यांच्या दाव्यामुळे ती जन्मास आली, त्या १९५३ सालच्या रेल्वे कामगारांना त्यांचा छदाम मिळाला नाही. आज एखादी कंपनी आपला एक विभाग दुसऱ्या कंपनीला विकते आणि तेथील मुलांना नवे नियुक्तिपत्र हाती देते, तेव्हा त्या पत्रात ‘मागील सेवा अखंड धरली जाईल’ हे वाक्य आहे की नाही, हे जो पाहतो, तो नकळत बार्शी रेल्वेच्या त्या माणसांचाच धडा गिरवीत असतो.

या सर्व प्रकरणातून एक गोष्ट निर्विवाद निघते. नोकरी गेली, एवढ्याने कायद्याचे काम भागत नाही; ती कोणत्या कारणाने आणि कोणाच्या कृतीने गेली असे कागदावर नोंदले गेले आहे, त्यावर पुढचे सारे देणेघेणे अवलंबून राहते. कागदावरच्या नोंदीची किंमत किल्लारीच्या माणसाला वेगळी समजावून सांगण्याची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर बावन्न गावांचे पुनर्वसन झाले, तेव्हा कोणत्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे घर, कोणाला ४०० चे आणि कोणाला ७५० चे, हे जमिनीच्या नोंदीवरून ठरले. एका उताऱ्यावरील क्षेत्राच्या आकड्याने घराच्या भिंती कोठे उभ्या राहणार ते निश्चित केले. त्याच गावातला शिकलेला मुलगा मात्र कंपनीच्या एका बंद खोलीत दहा मिनिटांत राजीनाम्यावर सही करून बाहेर पडतो, हे पाहून जीव हळहळतो.

ती खोली साधारणतः अशी असते. एचआरमधील एक व्यक्ती आणि आपला वरिष्ठ समोर बसलेले असतात. आवाज मृदू असतो. “तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. तुम्ही स्वतः राजीनामा टाका, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील, पुढच्या कंपनीत अडचण येणार नाही. संध्याकाळपर्यंत पोर्टलवर टाकलात तर तीन महिन्यांचा पगार देऊ.” मुलगा घाबरलेला असतो, घराचा हप्ता डोळ्यांपुढे असतो, आणि ‘रेकॉर्ड स्वच्छ’ हे शब्द त्याला उपकारासारखे वाटतात. वस्तुतः स्वेच्छेने दिलेला राजीनामा कपातीच्या व्याख्येबाहेर पडतो. त्या एका कृतीने नोटिशीचे वेतन, वर्षागणिक भरपाई, आणि पुढे तेथेच जागा निघाल्यास पुन्हा घेण्यात अग्रक्रम, या तिन्ही हक्कांवर तो आपण होऊन पाणी सोडतो. आणि त्या बदल्यात मिळणारा तीन महिन्यांचा पगार हा त्याहून अधिक आहे की कमी, याचा हिशेब त्या खोलीत कोणीच केलेला नसतो.

तो हिशेब येथे करून पाहू. समजा, एखाद्याची सेवा ८ वर्षे ७ महिने झाली आहे. महिन्याचा एकूण पगार ५२,००० रुपये, आणि त्यातील कायद्याच्या व्याख्येत ‘वेतन’ म्हणून धरावयाची रक्कम २६,००० रुपये. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनुसार भत्त्यांचा भाग निम्म्याहून अधिक दाखवून वेतन आकुंचित करता येत नाही, म्हणून निम्मा आकडा घेतला आहे. सहा महिन्यांहून अधिक झालेले वर्ष पूर्ण धरतात, तेव्हा सेवा नऊ वर्षे झाली. एक महिन्याच्या नोटिशीचे वेतन २६,०००. कपातीची भरपाई, वर्षाला पंधरा दिवस या दराने, १३,००० गुणिले ९, म्हणजे १,१७,०००. उपदान, ज्याला आपण सर्रास ग्रॅच्युइटी म्हणतो, त्यासाठी कायद्याने महिना २६ दिवसांचा मानला आहे, कारण रविवार वगळता कामाचे दिवस तेवढेच. म्हणून पंधरा दिवसांचे १५,००० आणि नऊ वर्षांचे १,३५,०००. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने त्यात पंधरा दिवसांचे वेतन भरावयाचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे, ते १३,०००. बेरीज २,९१,००० रुपये, आणि शिल्लक रजेचे पैसे त्याशिवाय. कंपनीने मोठ्या मनाने देऊ केलेला तीन महिन्यांचा पगार १,५६,००० रुपये. ‘सर्व मिळून’ हे दोन शब्द त्या प्रस्तावात असतील, तर मुलाला हक्काहून सव्वा लाखावर रक्कम कमी पडते, आणि तरीही तो आभार मानून घरी येतो.

म्हणून बोलणीला बसण्यापूर्वी एकच गोष्ट कटाक्षाने करावी: हक्काचे आणि तडजोडीचे असे दोन स्तंभ कागदावर वेगळे काढावेत. काम केलेल्या दिवसांचे वेतन, रजेचे पैसे, उपदान, भविष्यनिर्वाह निधी, नोटिशीचे वेतन आणि भरपाई ही पहिल्या स्तंभातील देणी होत. ती मागताना कंपनीचे उपकार मानावे लागत नाहीत आणि त्यांच्या बदल्यात काही सोडूनही द्यावे लागत नाही. भविष्यनिर्वाह निधीतील पैसा तर मुळात आपलाच. तो ‘पॅकेज’मध्ये मोजून आकडा फुगविलेला दिसला, तर तो निःसंकोच वजा करावा. थकलेले वेतन कामावरून कमी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, आणि उपदान देय झाल्यापासून तीस दिवसांत, अशा मुदती कायद्याने घालून दिल्या आहेत. पाच वर्षांची अखंड सेवा ही उपदानाची सर्वसाधारण अट. मुदतबंद करारावरील कर्मचाऱ्याला मात्र नव्या श्रमसंहितांनी एका वर्षानंतरही त्याचा लाभ ठेवला आहे, आणि ही गोष्ट कंत्राटी कागदावर काम करणाऱ्या हजारो मुलांना अजून ठाऊक नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कपातीचे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगारा’ला आहे. अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा त्यात येतो. व्यवस्थापकीय अधिकार चालविणारा येत नाही, आणि देखरेखीचे काम करणाऱ्याचे वेतन १८,००० रुपयांच्या वर गेले की तोही बाहेर पडतो. कंपन्या यामुळेच प्रत्येकाला ‘मॅनेजर’, ‘लीड’ अशी पदनामे वाटतात. परंतु न्यायालये पदनामाला न भुलता प्रत्यक्ष काम काय होते ते पाहतात: रजा मंजूर करण्याचा, नेमणुकीचा, शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार हाती होता काय? दिवसभर संगणकावर प्रणाली लिहिणाऱ्याला केवळ ‘लीड’ म्हटल्याने तो व्यवस्थापक होत नाही. जो खरोखरच या व्याख्येबाहेर असेल, त्याचे हक्क त्याच्या नियुक्तिपत्रात शोधावे लागतात. नोटिशीची मुदत किती, बोनसची अट काय, हे त्यात असते, आणि त्यापलीकडचे सर्व बोलणीवर येते. २०२५ च्या जुलैत टीसीएससारख्या कंपनीने आपल्या मनुष्यबळातील सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यात मधल्या व वरच्या फळीतील लोकच अधिक असतील असे सांगितले गेले होते. अशा माणसांसाठी दुसरा स्तंभ हाच मुख्य ठरतो.

दुसऱ्या स्तंभात पैशाचा आकडा सगळेच लिहितात. त्याहून मोलाच्या, आणि कंपनीला देण्यास सोप्या, अशा इतर गोष्टी मात्र सुटतात. सेवेच्या अखेरच्या दिवसाची तारीख ही त्यांतील पहिली. पाचवे वर्ष पुरे होण्यास दोन महिने उरले असता, तेवढे दोन महिने बिनकामाचे का होईना पण सेवेत दाखवा, ही मागणी कंपनीला एकरकमी पैशापेक्षा हलकी वाटते, आणि मुलाचे उपदान त्यामुळे निर्विवाद होते. दुसरी गोष्ट विम्याची: घरात मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे आईवडील असतील आणि कंपनीच्या सामूहिक पॉलिसीवर त्यांची भिस्त असेल, तर पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत ती चालू ठेवावी असे मागावे, आणि ती संपण्याच्या आत त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करून घ्यावे; गावाकडच्या कुटुंबाच्या दृष्टीने ही बाब लाखभर रुपयांहूनही जड आहे. तिसरी, रुजू होताना दिलेला बोनस किंवा प्रशिक्षणाचा खर्च परत मागण्याचा कंपनीचा दावा सोडून द्यावा. चौथी, कार्यमुक्तीपत्रात आणि अनुभवाच्या दाखल्यात काय लिहावयाचे त्याचा मसुदा आधी दाखवावा. प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये अशी अट कोणी पुढे केली, तर तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. नोकरी सुटल्यानंतर उपजीविकेला घातलेला असा अटकाव १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शून्यवत ठरतो. तथापि ती अट मसुद्यातून काढून टाकलेली बरी, कारण पुढची कंपनी कायदा वाचत बसत नाही.

या साऱ्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच समोरच्या पक्षाची मुख्य शक्ती असते. अमेरिकेत सामूहिक कपातीत चाळिशी ओलांडलेल्या नोकराकडून वयाच्या कारणाचे दावे सोडल्याचे लिहून घ्यावयाचे असेल, तर विचारासाठी ४५ दिवस आणि सही केल्यावरही माघारीसाठी ७ दिवस देणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे अशी मुदत कायद्याने दिलेली नाही. म्हणून ती मागून घ्यावी लागते. त्या खोलीत बोलावयाचे वाक्य साधे आहे: “सर, पत्र मिळालं. रकमांची फोड लेखी पाठवा; मी वाचून सोमवारी उत्तर देतो.” यात उद्धटपणा नाही, नकारही नाही. त्याच संध्याकाळी, कचेरीतील प्रवेश बंद होण्यापूर्वी, आपल्या पगाराच्या पावत्या, नियुक्तिपत्र, वेतनवाढीची पत्रे, रजेचा हिशेब आणि मूल्यमापनाचे अभिप्राय एवढे स्वतःचे कागद जवळ घ्यावेत. कंपनीच्या कामाची एकही फाइल मात्र चुकूनही उचलू नये, कारण तेवढे एक निमित्त देऊन पुढची सारी बोलणी उलटवता येतात. सभेत काय ठरले ते आपणच त्याच दिवशी मेलने कळवून ठेवावे. तो मेल कोणी नाकारला नाही, एवढ्यानेही तोंडी आश्वासनाला पुढे आधार होतो.

अखेरचा कागद म्हणजे ‘फुल अँड फायनल’चे पत्र. सर्व देणी पावली, हिशेब बेबाक झाला, यापुढे कोणताही दावा राहिला नाही, असे त्यात लिहिलेले असते. ते हक्काच्या रकमांसाठी मागितले जात असेल, तर त्यावर ‘रक्कम हरकतीसह स्वीकारली’ असा शेरा लिहून सही करावी. जादा रकमेच्या मोबदल्यात दावे सोडायचे असतील, तर ती रक्कम खात्यात जमा होण्याची तारीख पत्रातच घालून घ्यावी. प्रत्येक रकमेपुढे तिचे नाव हवे, याचे दुसरेही एक कारण आहे. कपातीच्या भरपाईला, कामगाराच्या बाबतीत, ५ लाख रुपयांपर्यंत, उपदानाला २० लाखांपर्यंत आणि खासगी नोकरीतील शिल्लक रजेच्या पैशाला २५ लाखांपर्यंत, ठरलेल्या सूत्राने, प्राप्तिकरात सूट मिळते. ‘सानुग्रह’ म्हणून दिलेली रक्कम मात्र पगारासारखी पूर्ण करपात्र ठरते. सारे एका आकड्यात गुंडाळून ‘सानुग्रह’ म्हणून स्वीकारले, तर हक्काच्या पैशावरही कर भरण्याची पाळी येते.

भरपाई आधी, सेवासमाप्ती नंतर, हा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डातल्या दोन सेविकांना भरपाई न देताच कमी करून त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेली माणसे घेतली गेली होती. १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरपाई देणे ही कपातीची पूर्वअट आहे, आणि ती पाळली नसेल तर कपातच अवैध. रुग्णालयाच्या सफाईची, रुग्णांच्या उठबशीची कामे करणाऱ्या दोन बायांच्या फिर्यादीने हे तत्त्व देशाला मिळाले, याचा मला फार आदर वाटतो.

आपल्या भागातील पुष्कळ माणसे संगणकाच्या कचेरीत नसून कारखान्यांच्या आश्रयाने जगतात, त्यांच्यासाठी एक मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. किल्लारीचा सहकारी साखर कारखाना कित्येक गळीत हंगाम बंद राहिलेला या गावाने पाहिला आहे, आणि नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडल्याची कथा तर सर्वज्ञात आहे. उद्योग बंद पडतो तेव्हा व्यवस्थापन सांगते की परिस्थिती हाताबाहेरची होती, म्हणून भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरतीच. अशी मर्यादा कायद्यात आहे खरी, पण ती मालकाच्या आवाक्याबाहेरच्या अपरिहार्य कारणांपुरती. आणि आर्थिक अडचण, झालेला तोटा किंवा साठून राहिलेला माल एवढ्यालाच अपरिहार्य कारण म्हणता येणार नाही, असा खुलासा त्याच कलमात स्पष्ट केलेला आहे. तोट्यात गेलो म्हणून तीन महिने, असे सांगणाऱ्या व्यवस्थापनापुढे तो खुलासा ठेवावा आणि पूर्ण सेवेची भरपाई मागावी.

बोलणी फिसकटलीच, तर अर्ज सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे समेटासाठी करावयाचा. त्याला वकील लागत नाही, आणि संघटना पाठीशी नसली तरी कमी केलेल्या एकट्या कामगाराचा विवादही औद्योगिक विवाद म्हणूनच गणला जातो. समेटासाठी अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत निकाल लागला नाही, तर त्याला स्वतःच न्यायाधिकरणापुढे जाता येते. पूर्वी यासाठी तीन वर्षे होती. नव्या संहितेने ती मुदत दोन वर्षांवर आणली आहे, आणि ती सेवासमाप्तीच्या तारखेपासून मोजली जाते. अर्ज सामान्यतः जेथे नोकरी केली तेथील कार्यालयात द्यावा लागतो. हिंजवडीत काम करणाऱ्या किल्लारीच्या मुलाने तो पुण्यात द्यावा, आणि भाड्याची खोली सोडून गावी परतण्यापूर्वीच द्यावा, म्हणजे अर्जावर पोचेचा शिक्का घेऊनच त्याला लातूरची गाडी धरता येईल.